रिब्रीदर आणि खोली : खालीवर होताना लूपमधल्या गॅसचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सर्किटवरून, म्हणजे साध्या स्कूबावरून, रिब्रीदरकडे वळायचा विचार करणारे लोक किंमत विचारतात, स्क्रबर किती तास चालतो विचारतात, बुडबुडे नसल्यामुळे मासे खरंच जवळ येतात का तेही विचारतात, पण खोली बदलली की त्या बंद लूपमध्ये नेमकं काय होतं हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो, आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. खालची सगळी गणितं एकाच हिशोबाने केलीयेत: लूप आणि फुफ्फुसं मिळून ६ लिटर, पाण्याच्या पृष्ठभागावर १ बार, पुढे दर १० मीटरला आणखी १ बार. तुमच्या युनिटचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील पण वागणं हेच. आणि हे वाचून रिब्रीदर चालवता येत नाही, त्याला त्या त्या युनिटचा कोर्सच करावा लागतो.

रिब्रीदर म्हणजे थोडक्यात काय?

साध्या स्कूबात तुम्ही सिलिंडरमधून श्वास घेता आणि सोडलेला सगळा श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. त्यातला ऑक्सिजन शरीराने जेमतेम थोडासाच वापरलेला असतो. रिब्रीदरमध्ये तो श्वास बाहेर न जाता नळीतून एका पिशवीत जातो, तिला काउंटरलंग म्हणतात, मग स्क्रबरमधल्या सोडा लाइममधून जाताना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, शरीराने वापरला तेवढा ऑक्सिजन परत घातला जातो आणि तोच गॅस पुन्हा तुमच्या तोंडाशी येतो. हे सगळं वर्तुळ म्हणजे लूप. सोबत दोन छोटे सिलिंडर असतात, साधारण २ किंवा ३ लिटरचे, एकात शुद्ध ऑक्सिजन आणि दुसऱ्यात डायल्युएंट, म्हणजे हवा किंवा ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण). इथे मुख्यतः पूर्ण बंद लूपच्या, म्हणजे सीसीआरच्या गोष्टी आहेत, सेमी-क्लोज्डबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

एकाच खोलीवर असताना लूपमधला गॅस कमी होत जातो का?

होतो, पण फार हळू. आरामात पोहताना शरीर मिनिटाला साधारण १ लिटरच्या आसपास ऑक्सिजन जाळतं, जोर लावला तर २-३ लिटरपर्यंत जातं, आणि हा आकडा खोलीवर अवलंबून नसतो, १० मीटरवरही तोच आणि ५० मीटरवरही तोच. तेवढा ऑक्सिजन सोलेनॉइडने (विजेवर आपोआप उघडणाऱ्या ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हने) किंवा तुम्ही हाताने घातला की व्हॉल्यूम जिथल्या तिथे राहतो. म्हणूनच २०० बारने भरलेला २ लिटरचा ऑक्सिजन सिलिंडर, म्हणजे ४०० लिटर गॅस, कागदावर तरी कित्येक तास पुरतो. खोली स्थिर असेल तर रिब्रीदर ही अतिशय शांत वस्तू आहे, सगळी धावपळ सुरू होते ती खोली बदलायला लागली की.

खाली जाताना अचानक श्वास पुरेनासा का होतो?

कारण पिशवी चेपते. पृष्ठभागावर ६ लिटर असलेला गॅस १० मीटरवर ३ लिटर होतो, २० मीटरवर २, आणि ३० मीटरवर दीड लिटर. बॉइलचा नियम, बाकी काही नाही. ओपन सर्किटमध्ये हे जाणवतच नाही कारण दर श्वासाला रेग्युलेटर भोवतालच्या प्रेशरचा ताजा गॅस देतो. इथे मात्र तुम्ही श्वास ओढता, काउंटरलंग पार चपटं होतं आणि अर्ध्या श्वासातच पुढे काही येत नाही. पहिल्यांदा हे झालं की माणूस दचकतो, घाबरायचं कारण नाही, गॅस घालायचा एवढंच.

मग तो घालतो कोण?

बहुतेक युनिट्सवर एडीव्ही असतो, ऑटोमॅटिक डायल्युएंट व्हॉल्व्ह. आत एक पडदा असतो, काउंटरलंग रिकामं होऊन श्वास ओढताना आत थोडं निगेटिव्ह प्रेशर आलं की तो पडदा आत ओढला जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि डायल्युएंट आत येतो. खाली जाताना जवळपास प्रत्येक श्वासाच्या शेवटी तो छोटासा फुस्स आवाज ऐकू येतो आणि खोली स्थिर झाली की बंद होतो. नुसत्या आवाजावरूनही बरंच कळतं: एका जागी थांबलेले असताना तो आवाज परत यायला लागला तर कुठून तरी गॅस निसटतोय, बऱ्याचदा मास्कमधून, नाहीतर ऑक्सिजन येणं थांबलंय आणि त्याची जागा डायल्युएंट भरून काढतोय. ही दुसरी शक्यता फार गंभीर आहे, पुढे सविस्तर येईलच.

काही लोक एडीव्ही बंद ठेवून बटणाने हातानेच डायल्युएंट घालतात, म्हणजे आपण काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. मला स्वतःला ही सवय आवडते पण नवख्याने आधी इन्स्ट्रक्टर सांगेल तेच करावं.

व्हॉल्यूम भरायला ऑक्सिजनच का नाही घालत?

कारण खाली जाताना लूपमधल्या ऑक्सिजनचं पार्शल प्रेशर, म्हणजे पीओटू, आपोआपच वाढत असतं, त्यात शुद्ध ऑक्सिजन ओतला तर तो थेट धोक्याच्या पातळीवर जाईल. बहुतेक ठिकाणी शिकवतात ती मर्यादा अशी की काम करताना १.४ बार आणि डीकोला, म्हणजे वर येताना शरीरात साचलेला गॅस निघून जावा म्हणून ठरलेल्या खोलीवर थांबतात तेव्हा, स्थिर असताना फार तर १.६. त्यापुढे फिटचा झटका येण्याचा धोका वाढत जातो, पाण्याखाली झटका आला की माउथपीस तोंडातून सुटतं आणि माणूस बुडतो.

डायल्युएंट घालूनही पीओटू वाढतो का?

हो, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. समजा पृष्ठभागावर सेटपॉइंट (युनिटने राखायचा पीओटूचा आकडा) ०.७ आहे आणि डायल्युएंट हवा आहे. ६ लिटरमध्ये ४.२ लिटर ऑक्सिजन झाला. आता १० मीटरवर गेलात, पिशवी परत ६ लिटर करायला ६ लिटर हवा आत आली (पृष्ठभागाच्या हिशोबाने), तिच्यात १.२६ लिटर ऑक्सिजन. एकूण ५.४६, भागिले ६, म्हणजे पीओटू ०.९१. थोडक्यात दर १० मीटरला ०.२१ ने वाढ. २० मीटरवर १.१२, ३० मीटरवर १.३३, ४० मीटरवर १.५४. वाटेत तुम्ही थोडा ऑक्सिजन जाळता म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी येतो, पण जितक्या वेगाने खाली जाल तितका हा कमी होणारा भाग लहान.

यात सोलेनॉइडने काहीही केलेलं नाही हे लक्षात घ्या. त्याला पीओटू कमी झाला तर वाढवता येतो, वाढलेला कमी करता येत नाही. कमी करायचे मार्ग दोनच, थांबून शरीराला ऑक्सिजन वापरू देणं नाहीतर डायल्युएंट फ्लश.

म्हणूनच दोन सेटपॉइंट असतात का?

अगदी म्हणूनच. पृष्ठभागावरून निघताना ०.७ च्या आसपासचा लो सेटपॉइंट, आणि तळाशी पोचून स्थिर झाल्यावर १.२ किंवा १.३ चा हाय. वरूनच १.३ लावून निघायचा प्रयत्न केला तर आधी तर ते शक्यच नाही, कारण पृष्ठभागावर लूपमध्ये शंभर टक्के ऑक्सिजन असला तरी पीओटू १.० च्या वर जात नाही, सोलेनॉइड मात्र बिचारा सतत ऑक्सिजन मारत राहतो, आणि असा ऑक्सिजनने भरलेला लूप घेऊन खाली गेलात की पीओटू सरळ वर चढतो.

परत येतानाही हेच. १.३ हा सेटपॉइंट ६ मीटरवर ठेवायचा तर लूपमध्ये ८१ टक्के ऑक्सिजन लागतो, ३ मीटरवर पूर्ण शंभर टक्के. त्याच्या वर तो गाठताच येत नाही, सोलेनॉइड टकटक करत राहतो, लूप फुगत राहतो आणि तुम्ही वर ढकलले जाता. शेवटच्या टप्प्यात परत लो लावतात ते ह्यासाठी.

डायल्युएंट फ्लश म्हणजे काय आणि त्याने काय कळतं?

लूपमधला जुना गॅस बाहेर काढत डायल्युएंट आत सोडायचा, इतका की लूपमध्ये जवळपास डायल्युएंटच उरेल. पीओटू जास्त झाला असेल तर तो झटकन खाली येतो. आणि एक फार मोठा फायदा म्हणजे सेन्सर तपासता येतात: हवेचा डायल्युएंट असेल तर ३० मीटरवर फ्लशनंतर हँडसेटवर (पीओटू दाखवणाऱ्या स्क्रीनवर) ०.८४ दिसायला हवं, २० मीटरवर ०.६३, १० मीटरवर ०.४२. तीनपैकी दोन सेल (ऑक्सिजनचे सेन्सर) ०.८४ च्या आसपास आणि तिसरा ०.६ दाखवत असेल तर कोण खोटं बोलतोय ते समजलं. सेन्सर मतदानाने, म्हणजे दोन विरुद्ध एक असं, ठरवण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण दोन जुने सेल एकसारखेच चुकू शकतात.

वर येताना काय होतं?

आता उलटं. गॅस फुगतो, आणि त्याच वेळी पीओटू पडतो. दोन्ही एकदम, आणि दोन्हींना वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतात.

आधी व्हॉल्यूमचं बघू. ३० मीटरवरचे ६ लिटर पृष्ठभागावर २४ लिटर होतात, म्हणजे १८ लिटर बाहेर सोडावेच लागतात. पण हे फुगणं सगळीकडे सारखं नसतं. ३० वरून २० मीटरला येताना ६ चे ८ लिटर होतात. १० मीटरवरून वर येताना ६ चे थेट १२. म्हणजे सगळ्यात जास्त गडबड शेवटच्या दहा मीटरात, जिथे माणूस आधीच दमलेला असतो, वरची लाट जाणवायला लागलेली असते आणि डीकोचा स्टॉप नेमका सांभाळायचा असतो. ओपन सर्किटवर फक्त बीसीडी किंवा विंगमधली (तरंगणं सांभाळायच्या पिशवीतली) हवा सोडायची असते, इथे विंग, लूप आणि ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरलेला सूट) असेल तर तोही, तीन जागा एकदम फुगतात. नव्या सीसीआर डायव्हरची पहिल्या काही डाइव्हजमध्ये सगळ्यात जास्त फजिती इथेच होते.

गॅस सोडायचे मार्ग: नाकाने मास्कमधून, ओठांच्या कडेने, किंवा ओपीव्ही नावाच्या ओव्हरप्रेशर व्हॉल्व्हमधून. नाकाने थोडं थोडं सोडत येणं हे सगळ्यात सोपं आणि कंट्रोलमधलं. ओपीव्ही हा शेवटचा आधार म्हणून ठीक, पण त्याच्यावरच विसंबलात तर तो उघडेपर्यंत लूप टम्म भरलेला असतो आणि तुम्ही वर सुटलेले असता.

आता पीओटू. ३० मीटरवर १.३ म्हणजे लूपमध्ये ३२.५ टक्के ऑक्सिजन. काहीच नवीन घातलं नाही तर १० मीटरवर तोच गॅस ०.६५ देईल आणि पृष्ठभागावर ०.३२. सोलेनॉइड हे बघतो आणि ऑक्सिजन घालतो, बरोबरच करतो, पण घातलेला प्रत्येक लिटर आधीच फुगत असलेल्या लूपमध्ये भर टाकतो. त्यामुळे वर येणं म्हणजे एका हाताने सोडणं आणि दुसऱ्या हाताने घालणं असं एकत्र चाललेलं काम, आणि ते नीट जमायचं असेल तर वेग कमी ठेवणं एवढाच उपाय. मिनिटाला ९ मीटर ही वरची मर्यादा समजा, शेवटच्या ६ मीटरात त्याहूनही बरंच हळू.

लूप भरलेला आहे, श्वास छान चाललाय, मग माणूस बेशुद्ध कसा पडतो?

सगळ्या पानात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

श्वास कोंडल्याची जी घुसमट आपल्याला जाणवते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची तशी सूचना शरीर देत नाही. रिब्रीदरमध्ये स्क्रबर कार्बन डायऑक्साइड काढून टाकतोय, काउंटरलंग भरलेलं आहे, छातीला सगळं व्यवस्थित वाटतंय, आणि लूपमधला ऑक्सिजन मात्र संपत चाललाय, हे होऊ शकतं.

समजा २० मीटरवर आहात आणि ऑक्सिजन सिलिंडरचा नॉब पूर्ण उघडलेलाच नव्हता किंवा सोलेनॉइड बंद अवस्थेत अडकला. मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन तुम्ही वापरताय, व्हॉल्यूम कमी झाला की एडीव्ही हवा आत घेतो, तिच्यातून ०.२१ लिटर ऑक्सिजन येतो, निव्वळ तोटा ०.७९ लिटर. पीओटू १.३ वरून ०.४ वर यायला साधारण ७ मिनिटं पुरतात. ०.४ म्हणजे जमिनीवर आपण घेतो त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे तुम्हाला एकदम ठणठणीत वाटतंय. आता तुम्ही वर निघालात. लूपमध्ये १३ टक्केच ऑक्सिजन आहे. १० मीटरवर पीओटू ०.२७, ५ मीटरवर ०.२, पृष्ठभागावर ०.१३, आणि वाटेत तुम्ही वापरताय तो वेगळाच. ०.१६ ही साधारण खालची मर्यादा मानतात, ०.१ च्या आसपास शुद्ध जाते, आधी गरगरणंबिरगरणं काही नाही.

प्रेशरने तुम्हाला खाली जिवंत ठेवलं होतं, वर येताना तेच निघून गेलं. म्हणून वर निघायच्या आधी हँडसेट बघायचा, निघाल्यावर बघत राहायचं, आणि आकडा पडताना दिसला तर हाताने ऑक्सिजन घालायचा, तो नसेल तर सरळ बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या ओपन सर्किट सिलिंडरवर. "मला बरं वाटतंय" ही माहिती इथे काहीच कामाची नाही. मी ज्या ज्या लोकांबरोबर पाण्यात उतरतो त्यांना हे दर वेळी सांगतो, ऐकून कंटाळले तरी सांगतो.

वर येताना फुफ्फुसांना इजा होऊ शकते का?

श्वास रोखून धरला तर होऊ शकते, ओपन सर्किटवर होते तशीच. भरलेल्या फुफ्फुसांनी एक-दीड मीटर वर आलात तरी पुरेसं असतं. रिब्रीदरवर एक जास्तीची भानगड म्हणजे लूप स्वतःच भरलेला असेल तर तुम्हाला श्वास सोडायलाच जागा नसते, सोडायला गेलात की उलटं ढकलल्यासारखं होतं. अशा वेळी नाकाने सोडा, ओठ सैल करा. ओपीव्ही उघडा आहे ना हे डाइव्हच्या आधी बघितलेलं असलं पाहिजे, कारण बाहेर पॉझिटिव्ह प्रेशर टेस्ट करताना आपण तो फिरवून बंद करतो, लूप फुगवून ठेवतो, गळती नाही ना बघतो, आणि मग तो परत उघडायचा विसरून जायची शक्यता असते. माझ्या चेकलिस्टवर ही ओळ दोनदा आहे, टेस्ट संपल्यावर आणि पाण्यात उडी मारायच्या आधी.

मिनिमम लूप व्हॉल्यूम ह्यावर इतका जोर का देतात?

कारण लूपमधला जास्तीचा प्रत्येक लिटर खोली बदलली की त्रास देतो. पूर्ण श्वास घेतल्यावर काउंटरलंग जेमतेम रिकामं व्हावं, एडीव्ही उघडायच्या थोडं अलीकडे थांबावं, इतकाच गॅस ठेवायचा. ६ च्या जागी ९ लिटर ठेवलात तर वर येताना दीडपट गॅस सोडावा लागणार, पीओटू दुरुस्त करायला दीडपट ऑक्सिजन लागणार, आणि वरचे ३ लिटर म्हणजे ३ किलोचा वर उचलणारा जोर, जो तोलायला तुम्ही नकळत जास्तीचं शिसं लावून बसणार. तरंगणं विंगने सांभाळायचं, लूपने नाही.

श्वास आत घेऊन थोडं वर उचललं जायची सवय आहे, ती इथे चालत नाही असं का?

कारण गॅस लूपच्या बाहेर जातच नाही. श्वास घेतलात की काउंटरलंग रिकामं झालं आणि फुफ्फुसं भरली, एकूण व्हॉल्यूम तेवढाच. समोर खडक आला तर दीर्घ श्वास घेऊन त्याच्यावरून जाता येणार नाही, एकतर विंगमध्ये थोडं घाला नाहीतर बाजूने जा. पंधरा-वीस वर्षं ओपन सर्किट केलेल्या माणसाला ही सवय मोडायला जास्त वेळ लागतो, नवख्याला कमी.

सतत वर-खाली केलं तर काय बिघडतं?

बरंच. एक खरी जागा घेऊन सांगतो. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्याला उम एल फारूद नावाचं टँकर जहाज आहे, १९९८ मध्ये मुद्दाम बुडवलेलं, तळ साधारण ३६ मीटरवर आणि वरच्या ब्रिजचा भाग साधारण १८ मीटरवर. ब्रिज बघितला, मग प्रोपेलर बघायला तळाशी गेलो, मग पुन्हा वर, असा मोह तिथे कोणालाही होतो.

३६ मीटरवर ४.६ बार, १८ मीटरवर २.८ बार, फरक १.८ बार. ६ लिटरच्या लूपमधून वर येताना जवळपास ११ लिटर गॅस बाहेर गेला, त्यात ३ लिटर ऑक्सिजन. पीओटू १.३ वरून ०.७९ वर पडला, सोलेनॉइडने तेवढाच ऑक्सिजन परत घालून तो १.३ केला. आता पुन्हा खाली: ११ लिटर हवा आत आली, पीओटू झाला १.३ अधिक ०.३८, म्हणजे १.६८. हळू गेलात तर वाटेत जळणाऱ्या ऑक्सिजनमुळे १.५ च्या आसपास राहील, तरीही १.४ च्या वरच, आणि तेसुद्धा पंख मारत काम करताना. युनिटमध्ये काहीही बिघाड नाही, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, आणि तरी तुम्ही मर्यादेच्या बाहेर गेलात.

गॅसचा खर्च त्यामानाने सोसण्यासारखा, एका फेरीला ११ लिटर डायल्युएंट आणि ३ लिटर ऑक्सिजन, पण त्याच डायल्युएंटवर विंगही चालते आणि सिलिंडर २-३ लिटरचाच असतो. त्यामुळे अशा जहाजावर आधी तळ, मग डेक, मग ब्रिज, असं एकाच दिशेने वर येणारं प्लॅनिंग करा. पुन्हा खाली जायचंच असेल तर निघायच्या आधी लो सेटपॉइंट लावा.

काउंटरलंग पाठीवर असलं काय आणि छातीवर असलं काय, फरक पडतो का?

प्रेशरच्या दृष्टीने पडतो. काउंटरलंग फुफ्फुसांच्या २० सेंटीमीटर वर असेल तर त्याच्यावरचं पाण्याचं प्रेशर तेवढ्याने, म्हणजे सुमारे २० मिलिबारने कमी. आकडा छोटा वाटतो पण तासभर प्रत्येक श्वासाला तो जाणवतो. आडवं पोहताना पाठीवरचं काउंटरलंग वर असतं, म्हणून श्वास ओढायला जरा जड आणि सोडायला हलका. छातीवरचं असेल तर उलटं. खांद्यावरून पुढे येणारी काउंटरलंग्ज या दोघांच्या मधली. छातीसमोरची जागा मोकळी राहते म्हणून पाठीवरची अनेकांना आवडतात. कुठलं चांगलं ह्यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही पाण्यात वापरून बघा, अंगाची ठेवण आणि पोहण्याची पद्धत वेगळी असते प्रत्येकाची.

फर्स्ट स्टेजच्या इंटरमीजिएट प्रेशरचा यात काय संबंध?

साधा फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवरचा प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर, भोवतालच्या प्रेशरच्या वर ठराविक बार देतो (हेच इंटरमीजिएट प्रेशर), तुम्ही खाली जाल तसं त्याचं प्रेशरही वाढतं, फरक कायम राहतो. सोलेनॉइडवाल्या युनिटला हेच हवं. हे प्रेशर निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेबाहेर वाढलं तर काही सोलेनॉइड उघडायलाच कमी पडतात, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी ते मोजून घ्या.

काही मॅन्युअल युनिट्सवर एका बारीक छिद्रातून ऑक्सिजन सतत येत राहतो, शरीराच्या गरजेपेक्षा जरासा कमी, उरलेला तुम्ही बटणाने घालता. तिथे फर्स्ट स्टेजचं पाण्याचं तोंड मुद्दाम बंद केलेलं असतं, म्हणजे इंटरमीजिएट प्रेशर खोलीप्रमाणे वाढत नाही. का? तर छिद्रामागचं प्रेशर पुढच्यापेक्षा साधारण दुप्पट असेल तोवर छिद्रातून दर मिनिटाला तेवढाच ऑक्सिजन येतो, खोली कितीही असो, आणि शरीरालाही तेवढाच लागतो. पण याला मर्यादा आहे. समजा मागे एकूण १० बार आहेत, तर ४० मीटरवर भोवताली ५ बार झाले, तिथून पुढे प्रवाह कमी होत जाईल आणि ९० मीटरवर पूर्ण थांबेल. अशा युनिटवर खोल जायचं तर हे आधीच ठरवून जावं लागतं.

सेमी-क्लोज्डमध्ये हेच सगळं लागू होतं का?

व्हॉल्यूमचं तेच, पीओटूचं वेगळं. तिथे नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) सतत आत येतो आणि जास्तीचा ओपीव्हीतून बाहेर जातो, त्यामुळे अधूनमधून बुडबुडे दिसतात. लूपमध्ये ऑक्सिजन किती ते तुम्ही किती मेहनत करताय त्यावर ठरतं: मिनिटाला १० लिटर ४० टक्क्यांचा नायट्रॉक्स येतोय आणि तुम्ही १ लिटर वापरताय तर लूपमध्ये ३३ टक्के, पण जोरात पोहून अडीच लिटर वापरलेत तर २० टक्केच. तळाशी प्रवाहाविरुद्ध झगडून लगेच वर यायला निघालात तर तो कमी टक्का घेऊन वर येताय. दोन-तीन मिनिटं थांबून किंवा ताजा गॅस घालून मग निघा.

शुद्ध ऑक्सिजनचे रिब्रीदरही असतात ना, ते कसे?

सगळ्यात जुने तेच. हेन्री फ्ल्यूसने इंग्लंडात बनवलेलं ऑक्सिजन रिब्रीदर घालून अलेक्झांडर लॅम्बर्ट १८८० मध्ये पाणी भरलेल्या सेव्हर्न टनेलमध्ये गेला आणि दार बंद करून आला. यात डायल्युएंट नाही, लूपमध्ये जवळपास फक्त ऑक्सिजन, त्यामुळे पीओटू म्हणजे सरळ भोवतालचं प्रेशर. ६ मीटरवर १.६. तिथेच मर्यादा संपते. नौदलाचे पाणबुडे उथळ पाण्यात बुडबुडे न दिसता जायला असली युनिट्स वापरतात. मनोरंजनासाठी डाइव्ह करणाऱ्यांकडे सीसीआर पोचायला खूप वर्षं गेली, ब्रिटनमधल्या अँबियंट प्रेशर डायव्हिंगचं इन्स्पिरेशन १९९७ मध्ये आलं तिथून ते खऱ्या अर्थाने सुरू झालं.

खोल जायचं तर डायल्युएंट हवाच ठेवली तर चालेल का?

नाही, आणि कारणं दोन. ६० मीटरवर ७ बार असतात, नुसत्या हवेचाच पीओटू १.४७ होतो, म्हणजे फ्लश करूनही तुम्ही १.३ वर येऊच शकत नाही. १८ टक्के ऑक्सिजनचा ट्रायमिक्स असेल तर १.२६ येतो, मग फ्लशचा उपयोग आहे.

दुसरं गॅसची घनता. लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठेवा आणि ६.२ ओलांडू नका असं आता शिकवतात. हवा ३० मीटरवरच ५.२ च्या जवळ जाते आणि ४० मीटरवर ६.२ ओलांडते. दाट गॅस लूपमधून आणि फुफ्फुसांतून हलवणं जड जातं, कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो, स्क्रबर कितीही ताजा असला तरी. हेलियम मिसळायचा तो फक्त नार्कोसिस (खोलीवर नायट्रोजनमुळे येणारी गुंगी) टाळण्यासाठी असं समजू नका.

मात्र १० टक्के ऑक्सिजनचा ट्रायमिक्स घेऊन उथळ पाण्यात एडीव्ही उघडा ठेवलात तर पृष्ठभागाजवळ तोच गॅस तुम्हाला बेशुद्ध करेल. असले डायल्युएंट वापरणाऱ्यांनी वरच्या काही मीटरात काय उघडं आणि काय बंद हे लिहूनच ठेवावं.

बेलआउट इतका मोठा सिलिंडर कशाला, रिब्रीदर तर गॅस वाचवतं ना?

बेलआउट घेतलात त्या क्षणी तुम्ही ओपन सर्किटवर आलात, आणि तिथे खोलीचा गुणाकार परत लागू होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे बेलआउट करत असाल तर श्वास दुप्पट वेगाने चालतो. मिनिटाला ४० लिटर धरले तर ३० मीटरवर १६० लिटर. ११ लिटरचा सिलिंडर २०० बारने भरला की २२०० लिटर, म्हणजे त्या वेगाने पावणेचौदा मिनिटं. आता यात तुमची वर यायची वेळ आणि डीको बसवून बघा. बसत नसेल तर प्लॅन बदला.

तारकर्ली-मालवणला स्कूबा केलंय, तिथून पुढे रिब्रीदरपर्यंत कसं जायचं?

मराठी लोकांपैकी बऱ्याच जणांचा पाण्याखालचा पहिला श्वास तिथेच झालेला असतो, पण इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेली ती एक डाइव्ह म्हणजे कोर्स नव्हे. आधी ओपन वॉटर, मग अॅडव्हान्स्ड, नायट्रॉक्स, आणि भरपूर डाइव्हज. त्यात उथळ पाण्याला कमी लेखू नका. पृष्ठभागाजवळच्या मीटरांमध्ये खोली जराशी बदलली तरी गॅसचा व्हॉल्यूम सगळ्यात वेगाने बदलतो, त्यामुळे एका जागी स्थिर तरंगून राहणं तिथेच सगळ्यात अवघड. काही न धरता ५ मीटरवर पाच मिनिटं जागेवर थांबता यायला लागलं, मास्क काढून परत घालतानाही खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलत नसेल, की मग सीसीआरच्या इन्स्ट्रक्टरला फोन करा. कोर्स निवडताना पहिल्यांदा युनिट निवडावं लागतं कारण सर्टिफिकेट त्या युनिटपुरतंच मिळतं, आणि युनिट निवडताना त्याचे सेल, सोडा लाइम आणि सर्व्हिसिंग तुम्ही जिथे राहता तिथे मिळतंय का हे आधी विचारा.